पाव गुंठ्याची परसबाग

घराच्या मागील दारी थोडी मोकळी जागा राखण्याची रीत महाराष्ट्रात पूर्वापार चालत आलेली आहे. कोकणात तिला परसू म्हणतात, देशावर कोठे परसदार, तर कोठे परडे. मोरीचे पाणी जेथे वाहत जाई तेथे अळू आणि केळ, कुंपणावर वाल आणि घोसाळी, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, अशी तिची ठरलेली मांडणी असे. या बागेसाठी कोणी वेगळा खर्च मांडला नाही आणि तिच्या उत्पन्नाची नोंदही कोठे झाली नाही. घराच्या जमाखर्चात न दिसणारी अशी ही जमा होती. पुढे मागील दारी सिमेंटचा कोबा झाला, मोरीचे पाणी गटारात गेले आणि अनेक घरांतून ही जमा हळूहळू बंद पडली.

ती बंद पडल्याने काय गमावले, याची कल्पना आरोग्यविषयक आकडेवारीवरून येऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ भाजी खाऊन तो नाहीसा होईल असे कोणी मानू नये. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांना परसबाग हा पर्याय नव्हे. परंतु ज्या घरात आठवड्यातून एखाद्याच दिवशी पालेभाजी शिजते, त्या घराच्या आहारातील उणीव गोळ्यांनी कायमची भरून निघत नाही, हेही तितकेच खरे आहे. उन्हाळ्यात भाजी महाग झाली की जी वस्तू ताटातून सर्वांत आधी कमी होते ती पालेभाजी, आणि वाढताना जिच्या ताटात ती उरत नाही ती बहुधा घरातील स्त्री असते.

परसबाग करावी, हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती सुरू करणारेही थोडे नाहीत. मात्र सुरू झालेल्या बागांपैकी बऱ्याच बागा पहिल्याच उन्हाळ्यात सुकून जातात. जागा नाही, पाणी नाही, पैसा नाही, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. वस्तुतः अशा बहुतेक बागांत उणीव असते ती हिशेबाची. कोणती भाजी, किती जागेत, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या पाण्यावर, एवढा हिशेब आधी मांडला तर परसबाग अल्प खर्चात उभी राहते आणि टिकते. तो हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका अनुभवाचा धडा

प्रस्तुत लेखकाने आपल्या निवासस्थानामागील जागेत प्रथम बाग केली तेव्हा बाजारातून कुंड्या, आकर्षक पाकिटांतील संकरित बियाणे आणि तयार खताच्या पिशव्या आणल्या. उत्साहाच्या भरात सर्व जागेत एकाच दिवशी मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली. पाचव्या आठवड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही उरेल इतकी भाजी निघाली. सहाव्या आठवड्यात उरलेली फुलोऱ्यावर आली आणि पुढील दीड महिना पुन्हा बाजाराची पिशवी हाती धरावी लागली. झालेल्या खर्चाच्या मानाने ती भाजी बाजारापेक्षा किती तरी महाग पडली. बाग सर्वांत स्वस्त ठरते ती थोडी थोडी आणि नियमाने पेरली असताच, हा धडा त्यातून मिळाला.

किती भाजी, किती जागा

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला घ्यावा. पाच माणसांच्या कुटुंबास याप्रमाणे रोज दोन किलो भाजी लागेल. एवढी सारी भाजी लहानशा परसात पिकविण्याचा आग्रह धरू नये. कांदा, बटाटा, कोबी या वस्तू बाजारातून आणणेच सोयीचे. परसातील मोलाची जागा जी भाजी लवकर येते, लवकर नासते आणि आहारात सर्वांत कमी पडते तिला, म्हणजे पालेभाजीला, प्रथम द्यावी.

माणशी १०० ग्रॅम पालेभाजी धरल्यास कुटुंबास रोज अर्धा किलो, म्हणजे आठवड्यास साडेतीन किलो लागते. चांगले शेणखत घातलेल्या वाफ्यातून एका कापणीस दर चौरस मीटरला पाऊण ते एक किलो पालेभाजी हिशेबास धरण्यास हरकत नाही. एक मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असा एक वाफा यानुसार सुमारे दोन ते अडीच किलो भाजी देतो. दर आठवड्यास असा एक वाफा कापणीस येईल अशी व्यवस्था केली, तर गरजेचा मोठा भाग भागतो. उरलेली तूट कुंपणाकडेचे शेवगा, अळू आणि मयाळू भरून काढतात.

पालेभाज्या साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत तयार होतात. म्हणून असे सहा वाफे असावेत. १८ फूट लांब आणि १५ फूट रुंद जागेत हे सहा वाफे, मधल्या पायवाटांसह, नीट बसतात. ही जागा जेमतेम २५ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठा भरते. वाफा एक मीटरपेक्षा रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे आत पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही.

जागा निवडताना ऊन पाहावे. पालेभाज्यांना दिवसातून किमान चार तास आणि फळभाज्यांना सहा तास ऊन हवे. आंबा किंवा चिंच यांच्या दाट सावलीत भाजीपाला येत नाही. शेवगा, केळ आणि वेलांचा मांडव शक्यतो उत्तरेच्या बाजूस घ्यावा, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाही. जमीन भारी काळी असेल किंवा पाऊस फार होत असेल तर पावसाळ्यात वाफे अर्धा फूट उंच, गादीसारखे करावेत. उन्हाळ्यात तेच सपाट व किंचित खोलगट असावेत, म्हणजे दिलेले पाणी वाफ्यातच मुरते. मुरमाड जागेत तळ्यातील गाळ मिळाल्यास चार बोटे जाडीचा थर पसरावा.

पाणी: घरातलेच

वाफ्यांचे एकूण क्षेत्र १५ चौरस मीटर आहे. हिवाळ्यात त्यांना दिवसाकाठी सुमारे ४५ लिटर आणि कडक उन्हाळ्यात ६० ते ७५ लिटर पाणी पुरेसे होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचा निकष धरलेला आहे. पाच माणसांच्या घरात त्यानुसार २७५ लिटर पाणी येते. यातील निम्म्याहून अधिक पाणी वापरानंतर मोरीतून बाहेर पडते. ज्या गावात निकषाएवढे पाणी येत नाही तेथेही, जे येते त्यातील बराचसा भाग सांडपाणी म्हणून वाया जातो. बागेस लागणारे पाणी घरात आधीच आलेले असते, ते केवळ गटाराकडे न जाता वाफ्याकडे वळले पाहिजे.

मात्र सर्व सांडपाणी एका प्रतीचे नसते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत साठवून त्याच दिवशी पालेभाज्यांच्या वाफ्यास द्यावे. कमी पडेल तेवढे ताजे पाणी घालावे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी विटांचे तुकडे, खडी व जाड वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून केळ, अळू, शेवगा आणि वेल यांच्या आळ्यांत सोडावे. ते मुळाशीच द्यावे, पानांवर शिंपडू नये. कपड्यांचे साबण-सोड्याचे पहिले पाणी आणि लहान मुलांचे लंगोट धुतलेले पाणी बागेस देऊ नये, ते शोषखड्ड्यात जाऊ द्यावे. सांडपाणी उघड्यावर साचले तर डासांची पैदास होते. म्हणून आळ्यात दिलेले पाणी तासाभरात मुरले पाहिजे, ही खूणगाठ बांधावी.

उन्हाळ्यासाठी मातीचे मडके हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. न भाजून चकचकीत केलेले, पाझरणारे साधे मडके आळ्यात गळ्यापर्यंत पुरावे, भोवती दोडका, कारले किंवा मिरचीची रोपे लावावीत व मडक्याच्या तोंडावर झाकण ठेवावे. पाणी मुळांशी हळूहळू झिरपत राहते आणि मडके तीन-चार दिवसांनी भरले तरी चालते. वाफ्यांवर पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घातल्यास माती लवकर सुकत नाही.

खत: घरातलेच

प्रारंभी दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मातीत मिसळावे. पुढे प्रत्येक पेरणीपूर्वी एक लहान घमेले खत दर वाफ्यास द्यावे. हे खत घरीच करण्यासाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असे दोन खड्डे पुरतात. कोरडा पाला, स्वयंपाकघरातील ओला कचरा, शेणकाला आणि मूठभर माती यांचे थर एकावर एक द्यावेत. एक खड्डा भरला की मातीने झाकावा आणि दुसरा भरण्यास घ्यावा. तीन ते चार महिन्यांत पहिल्यातील खत तयार होते. ताजे शेण मात्र वाफ्यात थेट घालू नये. त्याने हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळते.

शाळा व ग्रामपंचायतींना मोठ्या प्रमाणावर खत करावयाचे असल्यास नाडेप पद्धत उपयुक्त आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना 'नाडेप काका' म्हणून ओळखले जाते, यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असा, भिंतींत हवेसाठी भोके ठेवलेला विटांचा हौद काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांनी भरला जातो. थोड्या शेणात पुष्कळ खत मिळणे हा या पद्धतीचा विशेष होय.

पेरणीचा क्रम

आठवडी बाजाराचा दिवस हाच पेरणीचा दिवस ठरवावा. त्या दिवशी एकच वाफा पेरावा. सहा बाजारांत सहा वाफे पूर्ण होतात. सातव्या बाजारी पहिला वाफा रिकामा झालेला असतो, तो खत घालून पुन्हा पेरावा. पुढे वर्षभर हेच चक्र चालते. यासाठी दिनदर्शिकेवर खूण करण्यापलीकडे कोणतीही नोंदवही लागत नाही.

मेथी चार आठवड्यांत, माठ चार ते पाच, तर पालक, शेपू व कोथिंबीर पाच ते सहा आठवड्यांत काढणीस येतात. पालक मुळासकट उपटू नये. जमिनीपासून दोन बोटे वर कापल्यास तो पुन्हा फुटतो. धने रगडून दोन भाग करून पेरावेत. ते उगवण्यास आठ ते बारा दिवस लागतात, तोवर धीर धरावा. माठ व राजगिरा यांचे बी अत्यंत बारीक असते. ते मूठभर वाळूत मिसळून पेरल्यास दाटी होत नाही.

ऋतूचा विचार आवश्यक आहे. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चुका, मुळा आणि कोवळ्या पाल्यासाठी करडई व हरभरा घ्यावा. फेब्रुवारीनंतर पालक लवकर फुलोऱ्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात माठ, पोकळा, चवळई आणि मयाळू यांवर भर द्यावा व दुपारच्या उन्हात जुन्या साडीची सावली करावी. पावसाळ्यात गादीवाफ्यांवर अंबाडी व माठ येतात. याच दिवसांत टाकळा, कुर्डू आणि घोळ या रानभाज्या आपोआप उगवतात. नीट ओळख पटलेली असल्यास त्यांना तण समजून फेकू नये.

फळभाज्यांना वाफे देण्याची गरज नाही. वाफ्यांच्या कडेला वांगी, मिरची व टोमॅटो यांची प्रत्येकी पाच-सहा रोपे लावली तरी घरापुरते भागते. कुंपणावर वाल, दोडका, कारले आणि तोंडली चढवावीत. तोंडलीचे वेल छाटकलमांपासून लागतात व अनेक वर्षे टिकतात. शेवगा तीन-चार फूट लांबीच्या जाड फांदीपासून किंवा बियांपासून लागतो. तो छातीएवढा झाला की शेंडा छाटावा, म्हणजे पाला हाताशी राहतो. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो, पण त्याच्या पाल्याकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः लोह, चुना आणि अ जीवनसत्त्व यांच्या दृष्टीने पाला शेंगेपेक्षा पुष्कळ सरस आहे.

बियाणे आणि कीड

बियाणे प्रथम स्वयंपाकघरात शोधावे. मेथ्या, धने, मोहरी, लसूण, आले, पुदिन्याच्या काड्या आणि पिकलेल्या पपईच्या बिया तेथेच मिळतात. अन्य बियाणे सरळ वाणाचे घ्यावे. संकरित वाणाचे घरी धरलेले बी पुढील वर्षी तसेच पीक देत नाही, त्यामुळे दरवर्षी खरेदी करावी लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये प्रसारित केलेली 'परभणी क्रांती' भेंडी हे सरळ वाणाचे परिचित उदाहरण होय. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे सरळ वाणांची चौकशी करता येते.

घरचे बी राखण्याचे मोल अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांनी साऱ्या देशाला दाखवून दिले. शालेय शिक्षण न मिळालेल्या या शेतकरी महिलेने वालासह अनेक पिकांचे गावरान वाण जतन केले, इतर स्त्रियांना ते बी दिले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. बी धरण्यासाठी निरोगी, जोमदार झाड आधीच निवडून त्यास दोरा बांधावा. त्याची फळे पूर्ण पक्व झाल्यावर बी सावलीत वाळवावे व राखेत मिसळून कोरड्या बरणीत ठेवावे.

परसबागेतील भाजी रोज तोडली जाते. फवारणीनंतर काही दिवस थांबण्याचा नियम येथे पाळता येत नाही, म्हणून रासायनिक कीटकनाशक या बागेत आणूच नये. मावा दिसताच प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने पाने धुवावीत. न भागल्यास ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. वाफ्यांच्या कडेला झेंडू लावल्यास सूत्रकृमींचा उपद्रव कमी होण्यास मदत होते.

भाजी ताटात येताना

पिकविलेल्या भाजीचे सत्त्व स्वयंपाकात गमावू नये. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास काही जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याबरोबर लिंबू, टोमॅटो किंवा आवळा असेल तर शोषण सुधारते, आणि जेवणालगत घेतलेल्या चहाने ते कमी होते. पाव गुंठ्यातील श्रम सार्थकी लावावयाचे तर जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा.

ज्यांना जमीन नाही अशा शहरवासीयांनीही निराश होण्याचे कारण नाही. फुटक्या बादल्या, तेलाचे डबे आणि गोण्या यांना तळाशी भोके पाडून, माती व कंपोस्ट समप्रमाणात भरून चार तास उन्हाच्या गच्चीत किंवा सज्जात ठेवल्यास मेथी, कोथिंबीर, पुदिना व मिरची येते. पेरणीचा आठवडी क्रम तेथेही तोच ठेवावा.

शाळा आणि ग्रामपंचायत

एका कुटुंबास वांग्याची पाच-सहाच रोपे लागतात आणि बियाण्याच्या एका पाकिटातून शेकडो रोपे होतात. प्रत्येकाने स्वतंत्र पाकीट घेणे हा अपव्यय आहे. ग्रामपंचायतीने सार्वजनिक नळाजवळ किंवा शाळेच्या आवारात तीन मीटर लांबीचा एक रोपवाफा केला व त्याची देखभाल एखाद्या बचत गटाकडे दिली, तर अनेक घरांची निकड त्यातून भागते. उघड्या गटारासाठी खर्च करण्यापूर्वी त्या घराच्या मागे परसबागेस जागा आहे काय, हे पंचायत सदस्यांनी एकदा पाहून घ्यावे.

शालेय पोषण बागेची खरी कसोटी मे महिन्यात लागते. शाळा बंद असताना पाणी कोण घालणार, हा प्रश्न जूनमध्येच सोडवून ठेवावा. एप्रिलमध्ये सर्व वाफे रिकामे करून आच्छादन घालावे आणि सुटीच्या काळात केवळ शेवगा, कढीपत्ता व तोंडली मडक्यांच्या आधारे राखावीत. दर तीन-चार दिवसांनी मडकी भरण्याचे काम शाळेशेजारच्या दोन घरांनी वाटून घेतले तरी बाग जगते. विद्यार्थ्यांनी वजन करून नोंदविलेली भाजी हा गणिताचा पाठही ठरू शकतो. सप्टेंबरमध्ये २०१८ पासून साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय पोषण माहात एखादे रोप लावून छायाचित्र काढणे सोपे आहे. त्याच रोपाची भाजी फेब्रुवारीत मुलांच्या ताटात आली काय, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

पाव गुंठा जागा, मोरीचे पाणी, चुलीजवळचा कचरा आणि आठवड्यातील एक तास, एवढेच या बागेचे भांडवल आहे. बाहेरून आणावयाचे ते एक खुरपे, एक झारी आणि बियाण्याची चार पाकिटे. येत्या बाजारच्या दिवशी बाजारात जाण्यापूर्वी एक वाफा खणून पेरावा. सातव्या बाजारी पिशवीत पालेभाजीसाठी जागा ठेवण्याची फारशी गरज उरणार नाही.